चार बोटींवरची खुर्ची

मित्रांनो, माझे म्हणणे लगेच खरे मानू नका. मी एक जुनी सागवानी आरामखुर्ची आहे आणि जुन्या खुर्च्यांना स्वतःबद्दल वाढवून सांगायची खोड असते. तेव्हा ऐका, पण चाळणी लावून ऐका. मी स्वतः आयुष्यभर तेच केले, म्हणून आज मुळशीच्या धरणाकाठी, हैबतरावांच्या पडवीत शाबूत आहे.

माझा जन्म वसईकडच्या एका सुतारशाळेत झाला. मला घडवणाऱ्या एकनाथ मिस्त्रींनी माझ्यात एकही लोखंडी खिळा मारला नाही. खारी हवा खिळे खाते, लाकडाच्या खुंट्या खात नाही, असे ते म्हणत. माझी पाठ कलती, हात रुंद आणि पाय पसरायला पुढे एक फळी. माझ्यासारख्या पुष्कळ बहिणी तयार झाल्या आणि एका टेम्पोतून आम्ही बंदरावर गेलो. तेथे आमचे मालक होते 'सिंधुराज क्रूझ लाइन'. ही श्रीमंतांना समुद्रावर फिरवून आणणारी कंपनी. बोटीचे नाव होते 'सिंधुराणी'. माझ्या पाठीच्या वरच्या पट्टीवर ते नाव पांढऱ्या तैलरंगात रंगवले गेले आणि मला वरच्या डेकवर कठड्याजवळ जागा मिळाली.

काय दिवस होते ते! मुंबईहून सुटायचे, गोव्याला टेकायचे, परत यायचे. संध्याकाळी वाद्ये वाजत. पांढरे हातमोजे घातलेले वाढपी सरबताचे पेले घेऊन फिरत. मी मात्र माणसे मोजत बसे. माणूस कसा आहे, हे त्याच्या तोंडापेक्षा त्याच्या बसण्यावरून लवकर कळते. ज्याने पदरमोड करून तिकीट काढले, तो सूर्य पाण्यात बुडेपर्यंत उठत नसे. ज्याला कोणी फुकट आणलेले असे, त्याला पाच मिनिटांत ऊन लागे, वारा लागे, सरबत आंबट लागे. नवी जोडपी एका खुर्चीत बसत, जुनी जोडपी मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवत. "खुर्ची असावी तर अशी," असे एक आजोबा माझ्या हातावर थाप मारून म्हणाले होते. ते बोलणे मी अजून जपून ठेवले आहे, कारण पुढे फारसे कोणी तसे बोलले नाही.

एके वर्षी रत्नागिरीच्या अलीकडे बोटीचे इंजिन बंद पडले. दिवे गेले, संडास तुंबले, हातमोजेवाले वाढपी दिसेनासे झाले. वर्तमानपत्रांतून नाव आले. आता 'सिंधुराणी'चे तिकीट कोण काढणार? पावसाळ्यात बोट गोदीत उभी राहिली आणि विश्राम नावाचा रंगारी डबा-ब्रश घेऊन डेकवर आला. बरोबर मॅनेजर होता.

"साहेब, आधीचा रंग खरवडून घेऊ का?" विश्रामने विचारले.

"कशाला? त्याच्यावरच मार. आणि 'सिंधु' तेवढं तसंच राहू दे. पुढचं 'राणी' झाकून 'मोहिनी' कर."

"बोटीवरबी तसंच?"

"बोटीवर, ताटांवर, खुर्च्यांवर. सगळीकडे तसंच."

झाले. पावसाळा संपला आणि 'सिंधुमोहिनी' नावाची नवी कोरी बोट समुद्रात उतरली. इंजिन तेच, संडास तेच, मीही तीच. फक्त एका दिवाणखान्यात झुंबर आले. पुढे मोहिनीही बदनाम झाली, तेव्हा ती 'सिंधुलक्ष्मी' झाली आणि लग्नाची वऱ्हाडे नेऊ लागली. लक्ष्मीनंतर 'सिंधुसम्राज्ञी'. दर वेळी माझ्या पट्टीवर रंगाचा आणखी एक थर चढला.

खरी गंमत कंपनीच्या कचेरीत होती. मला तेथे काही दिवस पाहुण्यांसाठी ठेवले होते, म्हणून ठाऊक. नवे नाव पडले की बोटीचा नवा फोटो भिंतीवर लागे, पण जुना कोणी काढत नसे. एक फोटो उजवीकडून, एक डावीकडून, एक संध्याकाळचा, एक रोषणाईचा. अशा रीतीने कंपनीचा ताफा वाढत गेला. समुद्रात बोट एकच होती, भिंतीवर चार होत्या. तेव्हापासून चौकटीत लावलेल्या कोणत्याही गोष्टीवर माझा विश्वास उरला नाही.

शेवटी इंजिन कायमचे थकले. बोटीवरचे सामान उचलून विकले गेले. बहिणी कोठे पांगल्या, देव जाणे. मी मारुंजीच्या एका जुन्या फर्निचरच्या दुकानात आले. भाड्याच्या खोल्या सोडून गेलेल्या मुलांची टेबले, गाद्या, पंखे यांच्या ढिगाऱ्यात मी पाय मुडपून पडून राहिले. समुद्र पाहिलेल्या माझ्यावर कोणीतरी मिक्सरचे खोके ठेवले होते. दुःख झाले नाही असे म्हणणार नाही.

तेथून मला वैष्णवीने उचलले. वैष्णवी म्हणजे हैबतरावांची सून. धरणाकाठच्या घरातल्या दोन खोल्या ती शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांना देते. त्यांच्यासाठी पडवीत एक बरी खुर्ची तिला हवी होती. "पाण्याकाठी घर आहे?" दुकानदाराने विचारले. "मग ताई, नंबर देऊन जा. ही खुर्ची ज्या कंपनीची, तिचेच एक साहेब तिकडे जागा शोधतायत." वैष्णवीने नंबर दिला. मित्रांनो, मला बोलता आले असते, तर मी तेव्हाच ओरडले असते.

आठवड्याभरात साहेब आले. नाव सौरभ. बूट चकचकीत, पण पडवीत येताना चिखलाचा पाय त्याने पायपुसण्याला नाही, माझ्या फळीला पुसला. माझ्या हिशेबी त्याच्या खात्यावर पहिली फुली तेथेच पडली.

"काका, हा योगच म्हणायचा," माझ्या पट्टीवरच्या 'सिंधुसम्राज्ञी' या नावावर हात फिरवत तो म्हणाला. "आमच्या बोटीची खुर्ची आमच्या आधी तुमच्याकडे पोचली."

हैबतराव विरघळले. सौरभने गुळगुळीत पुस्तिका उघडली. कंपनीचा इतिहास, कंपनीचा ताफा, चार बोटींचे चार फोटो. आता मुळशीच्या पाण्यावर पाचवी बोट येणार होती. धक्का बांधायला पाण्याकडेचा जमिनीचा तुकडा कंपनीच्या नावे करून द्यायचा आणि बदल्यात हैबतरावांना कंपनीत भागीदारी मिळणार होती.

"आणि पाचव्या बोटीला आम्ही तुमच्या आईंचं नाव देऊ, काका."

हैबतरावांचे डोळे भरून आले. त्यांची पत्नी साळूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "नाव द्याया काय लागतंय," ती म्हणाली. "रंग तेवढा लागतो."

"तू गप गं. तुला कंपनीतलं काय कळतंय?"

"मला न्हाई कळत. पर तुमच्या आज्याची भातखाचरं धरणाच्या पाण्यात गेली, तवाबी असंच कायतरी कळणारी माणसं आल्ती. राहिलाय तो हेवढाच तुकडा."

हा तुकडा म्हणजे काय, हे मी पडवीतून रोज पाहते. त्यावर थोडे भात पिकते, दोन म्हशी चरतात आणि पर्यटक जेथे उभे राहून फोटो काढतात, तेही तेच. तो गेला तर या घराजवळ पाणी बघायला उरेल, उतरायला वाट उरणार नाही.

सौरभला सही त्याच दिवशी हवी होती. पण पितृपंधरवडा चालू होता. "ह्या पंधरा दिसात आमच्यात कुणी नवं कायबी करत न्हाई," हैबतराव म्हणाले. "दसऱ्याला या. मुहूर्तावर सही करतो." सौरभ हसला, पण माझ्या हातांवर त्याची बोटे ताठ झालेली मला कळली. ज्याचा माल खरा असतो, त्याला दसऱ्यापर्यंत थांबायला त्रास होत नाही.

घट बसायच्या आधी या भागातल्या बाया घर रिकामे करतात, हे तुम्हाला माहीत असेल. गोधड्या, भांडी, पाट, खाट, सारे पाण्यावर जाते. साळूबाईने मलाही सोडले नाही. वैष्णवीने एका बाजूने, तिने दुसऱ्या बाजूने धरून मला काठावर नेले, सोड्याचे पाणी ओतले आणि विटेच्या तुकड्याने घासायला सुरुवात केली. मी डेकवर मखमली फडक्याने पुसली गेलेली खुर्ची. प्राण कंठाशी आले!

"आत्याबाई, रंग निघतोय," वैष्णवी म्हणाली. "राहू द्या, नाव जाईल."

"जाऊ दे की. घरात देवी बसवायची का सम्राज्ञी?"

'सम्राज्ञी'चा पापुद्रा निघाला आणि खालून 'लक्ष्मी' दिसली. वैष्णवी थबकली. साळूबाईने वीट आणखी दाबली. 'लक्ष्मी'खालून 'मोहिनी' आली. 'मोहिनी'खालून तुटकतुटक 'राणी'. आणि डावीकडचे 'सिंधु' मात्र एकच, पहिल्या दिवसापासूनचे.

वैष्णवी धावत जाऊन पुस्तिका घेऊन आली. फोटोंखालची चारही नावे हीच होती.

तिसऱ्या माळेला सौरभ पुन्हा आला. साळूबाईने त्याला चहा दिला आणि माझी पट्टी दाखवली. तो क्षणभरच गडबडला.

"काकू, त्यात काय? खुर्च्या एका बोटीवरून दुसरीवर नेतात. नेल्या की नाव बदलतात."

हैबतरावांनी विजयाने बायकोकडे पाहिले. "ऐकलंस?"

"ऐकलं," साळूबाई म्हणाली. "सायब, माझं माह्यारचं नाव चंद्रभागा. लगीन झालं, तांदळात नाव लिवलं, साळू झाले. माझी नणंद मला आजून तिसऱ्याच नावानं हाका मारती. म्हणून ह्या म्हाताऱ्याच्या तीन बायका झाल्या का?"

वैष्णवीने तोंडाला पदर लावला. सौरभने चहा संपवला.

"माझं येकच म्हणणं हाय," साळूबाई पुढे म्हणाली. "ज्या घरात चार सुना असत्यात, तितं चौघींचा मिळून येक तरी फोटू असतोच. कुणाच्या तरी लग्नातला. तुमच्या चारी बोटींचा येकत्र फोटू दावा. म्या सोता ह्यांच्या सहीला शाई देते."

"आहे ना. पाठवतो."

"पाठवा," हैबतराव म्हणाले. "म्हंजी हिचं तोंड तरी बंद हुईल."

मला वाटले, संपले. फोटो यायचा नाही आणि गोष्ट इथेच मिटेल. पण माझा संशयही कधी कधी तोकडा पडतो. दुसऱ्याच सकाळी वैष्णवीच्या मोबाइलवर फोटो आला. निळे बंदर आणि चारही बोटी ओळीने उभ्या. राणी, मोहिनी, लक्ष्मी, सम्राज्ञी. प्रत्येकीच्या डोलकाठीवर निशाण.

हैबतरावांनी मोबाइल हिसकावला. "आण चष्मा. बोलीव तिला." ते माझ्यात ऐसपैस बसले, हात लांब करून फोटो न्याहाळू लागले. त्यांची पाठ माझ्या पाठीला टेकलेली होती, म्हणून पुढे काय झाले ते मला सर्वांच्या आधी कळले. ती पाठ हळूहळू माझ्यापासून सुटी झाली.

साळूबाई येऊन उभी राहिली. "काय, दिसल्या का सवती?"

हैबतरावांनी फोटो आणखी जवळ धरला. मग त्यांनी सुनेला जवळ बोलावले. "वैष्णवी, हे निशाण कुनीकडं फडफडतंय?"

"डोंगराकडं."

"आन हे?"

"समुद्राकडं, मामा."

"तिसरं तर लोंबतंय नुसतं." त्यांनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. "जन्म पाण्याकाठी गेला माझा. येका पाण्यावर येका वक्ताला चार वारं वाहत न्हाईत."

चार फोटो कोणीतरी कापून एका बंदरात चिकटवले होते. बोट रंगवता येते, नाव बदलता येते, वाऱ्याकडे मात्र कोणी पाहिले नव्हते.

साळूबाई काहीतरी टोचून बोलेल, असे मला वाटले होते. तिने फक्त चष्म्याचे घर उचलून त्यांच्या हातात दिले आणि म्हणाली, "वैरण टाकायचीया म्हशींना. उठताय का?"

दसऱ्याला सौरभ करारनामा घेऊन आला. कागद करकरीत, पेन नवे, अंगात झब्बा. हैबतराव अंगणातच पुढे गेले आणि त्यांनी आपट्याची दोन पाने त्याच्या हातावर ठेवली.

"सोनं घ्या, सायब. हितलं हेवढंच मिळंल."

"काका, पण आपलं ठरलं होतं. आईंच्या नावाची बोट—"

"आईचं नाव आईपाशीच बरं हाय. रंग निघाया लागला, तर मी कुटं तोंड दावू?"

सौरभने एकदा माझ्याकडे रागाने पाहिले. मी काय करणार? मी खुर्ची, मला घासले तेवढी मी निघाले. तो गाडीत बसून गेला. त्याने बोनेटवर टाकलेली पाने उडून पुन्हा अंगणात पडली. आता दुसऱ्या कोणत्या तरी तळ्याकाठी त्याची पुस्तिका उघडली जात असेल, असा माझा दाट संशय आहे.

त्यानंतर हैबतराव कित्येक दिवस माझ्यात बसले नाहीत. जोत्यावर बसत, पाण्याकडे बघत, माझ्याकडे मात्र नाही. मला वाईट वाटले. लबाडी कंपनीची आणि अबोला माझ्याशी! वैष्णवीने उरलासुरला रंग खरवडून मला करंजाचे तेल चोळले. पट्टीवर आता कोणतेच नाव नाही, नुसते लाकूड दिसते. पर्यटक विचारतात, ही कोठली? ती सांगते, आमचीच.

परवा संध्याकाळी हैबतराव माझ्याजवळ आले. बसायच्या आधी त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले आणि गदागदा हलवले. एकेक पाय वाकून तपासला. फळी दाबून पाहिली. मागे जाऊन पाठीचा सांधा चाचपला. एवढे सारे झाल्यावर सावकाश टेकले, आणि मग मात्र अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

मित्रांनो, मला याचा राग आला नाही. उलट, माझ्या साऱ्या आयुष्यात माझी इतकी काळजी कोणी घेतली नव्हती. वस्तू पुसा, त्यांना तेल द्या, उन्हापावसातून आत घ्या, हे तर सांगतेच. पण ज्याच्यावर आपला सगळा भार टाकायचा आहे, त्याला आधी हलवून बघायला लाजू नका. जे घट्ट असते ते हलवल्याने रुसत नाही.