देवीची मराठी

आमच्या घरात देवी आली आणि तिला मी हाकललं. आमच्या निम्म्या गोतावळ्याने याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही. नसेल केलं तर राहिलं.

देवी आली ती माझ्या धाकट्या भावाच्या, श्रीवत्सच्या अंगात. तो श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासायचा. कंपनीच्या बसने जायचा-यायचा आणि घरात तमिळच बोलायचा. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी घेऊन तंजावरला आले. श्रीवत्सपर्यंत पोचेस्तोवर तिच्यातलं ‘वाढ’, ‘नको’ आणि ‘पुरे’ एवढंच उरलं होतं. बाकीचं बोलायला गेला की आमचे तुळजाजीकाका दर शब्दाला चूक काढायचे, म्हणून त्याने बोलणंच सोडलं होतं.

तोच श्रीवत्स एकाएकी घडाघडा जुनी मराठी बोलायला लागला. थेट आमच्या आजीची. लहानपणी तो तिच्याच मांडीवर वाढला, तेव्हाचं कानात राहिलं असणार. पण काकांचे डोळे भरून आले. म्हणाले, तुळजाभवानी बोलते आहे.

मी शाळेत शिकवते. त्या मंगळवारी अर्धी रजा टाकून टी. नगरच्या घरी आले, तर दारात पंधरा जोड चपला. हॉलमध्ये श्रीवत्स पाटावर, कपाळभर हळद. बायका एकेक पुढे होऊन मुलाचा व्हिसा, मुलीचं लग्न, आपला गुडघा विचारत होत्या आणि हा डोळे फिरवत उत्तरं देत होता. तीन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं. भातात विष कालवलंय, असं गेलेली आजी कानात सांगते म्हणे. काका त्याला देवीचा उपवास म्हणत होते. आई कोपऱ्यात कापूर घेऊन उभी होती.

मला मागचे आठ महिने माहीत होते. रात्रपाळी संपल्यावर झोप यावी म्हणून सुरू झालेला गांजा, पुढे दिवसभर चाललेला. तपासणीचा क्रम विसरतो म्हणून सुपरवायझरने त्याला दोनदा झापलं होतं. “सोडतो अक्का,” म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. त्या भोळेपणाचा मला अजून संताप येतो.

“हा गांजा ओढतो,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. “आठ महिने, रोज. याला हॉस्पिटलात न्यायचंय. उठा सगळे.”

“कीर्तना, तोंड आवर!” काका गरजले. “अशी मराठी तो कधीं बोलला होता? आमचे अप्पाजी असेच बोलत. त्यांचे अंगींही आई येत होती.”

अप्पाजी म्हणजे काकांचे थोरले भाऊ. त्यांचा हार घातलेला फोटो पाटाच्या मागेच होता. देवीने हाक मारली म्हणून ते विहिरीत उतरले, असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. ते वर आले नाहीत, हे कुणी सांगत नाही.

मी पाटासमोर बसले. इतका वेळ सगळ्यांनी त्याला आपापलंच विचारलं होतं. मी तमिळमध्ये विचारलं, “कण्णा, तुला भीती वाटतेय का रे?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. तमिळमध्येच म्हणाला, “खूप भीती वाटते अक्का. तिला गप्प बसायला सांग ना.”

मी त्याला दंडाला धरून उठवलं. काका दारात आडवे उभे राहिले. “कोठें नेतेस? देवीचा कोप होईल.”

“होऊ दे. माझ्यावर होऊ दे. पत्ता लिहून देते तिला.”

आईने कापूर खाली ठेवला आणि श्रीवत्सच्या चपला शोधून आणल्या. मग ती आमच्यासोबत ऑटोत बसली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घराण्यात आधी कुणाला असा आजार? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “अप्पाजी.” तिच्या तोंडून ते नाव हात न जोडता मी पहिल्यांदा ऐकलं. बाई म्हणाल्या, गांजा ओढणारा प्रत्येक जण असा आजारी पडत नाही. पण घराण्यात आजार आणि वर रोजचा जहाल माल, म्हणजे धोका कितीतरी वाढतो. गांजा आजपासून बंद, गोळ्या नेमाने. भास बहुधा कमी होतील. स्मरणशक्ती किती परत येईल ते आज सांगता येणार नाही.

तीन महिन्यांत आजीचा आवाज थांबला. श्रीवत्स जेवतो, झोपतो. दुकानाच्या दारात पोचल्यावर काय आणायचं ते विसरतो, म्हणून चिठ्ठी घेऊन जातो. कामावर अजून गेलेला नाही.

परवा रविवारी काका आले. देवळातलं कुंकू पुढे केलं आणि माझ्याकडे वळले. “काय केलेंस पाहा. वाघासारखें बोलणारें पोर मुकें झालें. त्या गोळ्या बंद करा.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण श्रीवत्सने कॉफीचा टंबलर खाली ठेवला. तो तमिळमध्ये सहज बोलू शकला असता. पण काकांच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द शोधत, तो मराठीत बोलला.

“काका, देवी नाही होता. गांजा होता. माझा डोकं बरा नव्हता. मी गोळी खातो. रोज खाणार. अप्पाजींना कोणी गोळी दिला नाही.”

काका फोटोकडे बघत राहिले. त्यांनी आयुष्यभर आमच्या मराठीतली एकही चूक सोडली नव्हती. त्या दिवशी त्यांनी एकही सुधारली नाही.