वीतभर जागा

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे वीतोबा म्हणायचे. छोट्या गाड्यांवरचा साप्ताहिक स्तंभ तो अकरा वर्षं लिहीत होता आणि या अकरा वर्षांत गाडीतली जागा त्याने एकदाही टेपने मोजली नव्हती. पुढची सीट स्वतःला हवी तशी सरकवायची, मग मागे जाऊन स्वतःच्याच पाठीमागे बसायचं, आणि गुडघा नि पुढची सीट यांच्या मध्ये हात घालायचा. चार बोटं मावली तर गाडी ठीक, मूठ मावली तर चांगली, आणि वीत मावली तर वाचकाने डोळे मिटून घ्यावी. सेंटिमीटर कोणाच्या लक्षात राहतात? वीत मात्र प्रत्येकाच्या हाताला लागलेली असते. वाचक खूश होते, संपादक खूश होते, आणि स्वतःवर खूश राहण्यात वीतोबाही कुठे कमी पडत नव्हता.

स्वतःची गाडी त्याने याच मापाने घेतली. लाल, बसकी, मागे पुरी वीतभर जागा, आणि सीट अशी खोल की बसताक्षणी माणूस आत रुतून जावा. पहिल्याच आठवड्यात आईला त्यातून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर दवाखान्याच्या दारात ती उतरेचना. शेवटी एक हात त्याने धरला, दुसरा वॉचमनने, आणि एक-दोन-तीन म्हणत दोघांनी तिला बाहेर ओढलं. बाहेर उभी असलेली माणसं हसली. तोही हसला. पुढच्या रविवारी त्याने स्तंभात लिहून टाकलं, ‘सीट इतकी आरामशीर, की आमच्या मातोश्रींना उठावंसंच वाटेना!’ या एका वाक्यावर वाचकांची सोळा पत्रं आली. आईने ते वाचलं, चष्मा पुसला आणि पेपरची घडी घालून ठेवली.

त्यानंतर आई त्या गाडीत बसली नाही. कुठे नेऊ म्हटलं की, “मला आता कुठे जायचंय?” हे उत्तर ठरलेलं. वय झालं की माणसं घरकोंबडी होतात, असं वीतोबाने बायकोला समजावून सांगितलं. समजावून सांगणं हा त्याचा पेशाच होता.

मग मावशी आजारी पडली. आईची थोरली, एकुलती एक बहीण, गाडीने चार तासांच्या अंतरावर. कानाशी ओरडलं तरच तिला ऐकू जायचं, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता, भेटायलाच जायला हवं होतं. वीतोबाने तीनदा विचारलं आणि आई तीनदा नाही म्हणाली. त्याचं डोकं फिरलं. बसच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत हे कबूल, पण इथे दारात गाडी उभी, मागे पाय पसरायला जागा, पोटचा पोरगा ड्रायव्हर, मग घोडं अडतंय कुठे? तो एकटाच जाऊन आला. नऊ दिवसांनी मावशी गेली, आई तेव्हाही गेली नाही. घरी समाचाराला आलेल्या चार नातेवाइकांसमोर तो तिला म्हणाला, “सख्खी बहीण होती तुझी. काळीज आहे की दगड?”

तेव्हापासून घरातलं बोलणं म्हणजे ‘जेवायला वाढलंय’ आणि ‘दार लावून घे’. असे चार महिने गेले. वीतोबाला ते आतून खात होतं. त्याला आई पहिल्यासारखी हवी होती, टोमणे मारणारी, त्याच्या लेखातल्या चुका पेन्सिलीने दाखवणारी. पण चूक तिची, तर पहिला शब्दही तिनेच बोलावा, या हट्टावर तो अडून बसला होता.

त्या आठवड्यात तुलनेसाठी दोन गाड्या आल्या होत्या. एक निमुळती, देखणी. दुसरी उंच नि चौकोनी, कचेरीत तिचं नाव आधीच ‘डबा’ पडलेलं. डब्याचा निकाल वीतोबाने लावून टाकला होता. गुडघ्यापाशी जेमतेम चार बोटं, सीट बाकासारखी सपाट, पाचात दोन गुण आणि ते दोनही दयेपोटी. फक्त फोटो राहिले होते. ते काढायला फोटोवाली त्याच्या राहत्या इमारतीखाली आली आणि म्हणाली, “सर, रिकाम्या सीटचे फोटो मेल्यासारखे दिसतात. कोणीतरी बसवा ना.”

बायको कामावर गेलेली. तेवढ्यात आई जिन्यातून खाली आली, हातात भाजीची पिशवी. वीतोबाने तोंड फिरवलं, पण फोटोवालीने तिला गाठलंच. “काकू, दोनच मिनिटं बसता का मागे?”

आईने दोन्ही गाड्यांकडे बघितलं. “ही नको,” देखणीला तिने उडवून लावलं. मग डब्याचं दार उघडायला लावलं आणि सीटवर तळहात टेकवून ती जराशी उभी राहिली. सीट बरोबर तिच्या कमरेला येत होती. ती टेकली, वळली, पाय एकेक करून आत घेतले. फोटो झाला. आणि मग दाराची कड धरून ती उठली. कोणाचाही हात न लागता, सरळ उठली.

“काकू, या बाजूने आणखी एक?”

आई पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा तर कोणी न सांगताच बसली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. वीतोबा बघतच राहिला.

फोटोवाली सामान आवरून गेली, तरी आई डब्याच्या दारात, पाय बाहेर सोडून बसून होती.

“यात बसून मी ताईकडे गेले असते,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“अरे, तुझ्या गाडीतून मला उठताच येत नाही. कंबर खाली, गुडघे वर. चार तासांचा रस्ता, मध्ये दोनदा तरी उतरायला लागलं असतं. प्रत्येक वेळी परक्या माणसांनी काखेत हात घालून मला ओढायचं आणि लोकांनी बघायचं?”

“मग सांगायचं नाही का तेव्हाच?”

“सांगणारच होते, त्या रविवारी. तर तू छापूनच मोकळा झालेला. सगळ्या जगाला सांगतोस कुठली सीट चांगली, तुला कुठल्या तोंडाने सांगू तुझीच वाईट आहे म्हणून?”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! अकरा वर्षं हा गृहस्थ बसण्याचीच मापं घेत आला. बसलेल्याला उठायचंही असतं, हे त्याच्या एकाही लेखात नव्हतं, कारण त्याचे स्वतःचे गुडघे कधी कुरकुरले नव्हते.

“आई, मी तुला दगड म्हणालो.”

“म्हणालास. चार माणसांत म्हणालास.”

“चुकलं माझं.”

“माझंही चुकलंच की. लाज धरून बसले. बहिणीपुढे कसली आली लाज?” तिने पिशवी मांडीवर घेतली. बराच वेळ ती पिशवीचे बंद चाळवत राहिली. “एक विचारू? तू गेलास तेव्हा ताईने माझं विचारलं असेल ना? काय सांगितलंस?”

विचारलं होतं. तो खोलीत शिरला तेव्हा मावशीने त्याच्या पाठीमागे दाराकडे बघितलं होतं आणि म्हणाली होती, “ती कुठाय?” चार तास एकट्याने गाडी हाकून तो तणतणत पोचला होता. तिला ऐकू जावं म्हणून त्याने ओरडून सांगितलं होतं, “तिला यायचं नाहीये, मावशी.” मावशीने ऐकलं होतं. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती.

“सांगितलं की,” वीतोबा म्हणाला, “मनातून फार यायचंय तिला, पण गुडघे धरलेत, गाडीत बसवत नाही.”

आईने मोठा श्वास सोडला. “बरं केलंस रे बाबा. मला तोच घोर होता. मग? काय म्हणाली ती?”

वीतोबाने डब्याच्या दारावर हात टेकला.

“म्हणाली, तिला म्हणावं जीव सांभाळ. धावपळ करू नकोस.”

“अशीच होती ती,” आई म्हणाली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली.