सारंगाची गाठ

तिसऱ्या आरोपीने बाहीचा उसवलेला दोरा ओढून काढला आणि न बघताच बोटांत खेळवू लागला. समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असलेला सारंग न्यायाधीशांना म्हणाला,

"ह्याला मी कधी पाहिलं नाही."

मागच्या बाकावर त्याची बायको ताठ झाली. चाच्यांनी जहाज धरलं तेव्हा खलाशांचा हा मुकादम वेगळ्या खोलीत कोंडला गेला होता. सुटून आला तो अर्धाच. दिवसा मुका. त्या कैदेबद्दल एकदाच बोलला, पहाऱ्यावरचा एक जण स्वतःच्या वाट्याचं पाणी पाजायचा म्हणून. झोपेत मात्र रोज एकच नाव. बंदरातली कुणी असेल, असं म्हणत तिची जाऊ तोंड दाबून हसली होती. हिनेही त्या सटवीला पोटभर शिव्या घातल्या होत्या. आज सकाळी कारकुनाने आरोपींची नावं पुकारली, तिसरं तेच निघालं आणि कळलं, सटवीला दाढी आहे.

सुट्टीत सरकारी वकीलबाई तिच्या शेजारी येऊन करवादल्या. धरले परक्या समुद्रात, खटला आपल्या गळ्यात. बाकीचे अडकलेत, पण हा तिसरा म्हणतो, मी साधा कोळी, चाच्यांनी होडीत कोंबलं, जहाजावर पाऊल ठेवलं नाही. ओळखणारा एकटा तुमचा नवरा. तोच नाही म्हणतोय, म्हणजे हा सुटला.

तिने आरोपीच्या बोटांकडे पाहिलं. दोन वेढे, खालून उलटा फास, टोक आत लपवलेलं. घरी कपड्यांच्या दोरीला हीच गाठ. सारंगाने स्वतः शोधलेली. मला शिकवा म्हणून लग्नापासून ती मागे लागली होती. तो हसायचा, तुझ्यानं नाही व्हायचं म्हणायचा.

ह्या दाढीवाल्याच्यानं बरं झालं.

"बाई," ती म्हणाली, "त्याच्या हातातला दोरा घ्या. आणि आमच्या ह्यांना विचारा, ही गाठ कुणाची. तसलीच घरी आहे, दाखवते."

दुपारी दोरा समोर आला तेव्हा सारंगाने आरोपीकडे पाहिलं नाही. बायकोकडे पाहिलं.

"माझी," तो म्हणाला. "मीच शिकवली त्याला."

घरी येताच त्याने कपड्यांची दोरी सोडून आणली आणि एक टोक तिच्या हातात दिलं.

"बस. शिकवतो."

तिला पहिल्याच खेपेला जमली. त्याने गाठ ओढून पाहिली, मान डोलावली आणि आपलं अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत नेलं.