पाडून उभं करण्याची परीक्षा

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं एक बटण निखळलंय आणि पंखा दमेकऱ्यासारखा घुरघुरतो. हसा हवं तर मित्रांनो, पण ऐका.

कारखान्यातून निघालो आणि डेटाबेस सांभाळणाऱ्या एका बाईच्या हाती पडलो. डेटाबेस म्हणजे कंपनीच्या माहितीचं कोठार. ते कोसळलं की साहेबलोक तिला शोधत यायचे, तिने उभं केलं की वा वा करून निघून जायचे. मुलगी झाली, तिने नोकरी सोडली, आणि त्याच साहेबांना तिचं नाव आठवेना. मी गेलो कपाटात, चादरींखाली. धूळ दोघांवरही बसली. तिच्यावरची कुणाला दिसली नाही, एवढंच.

मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर तिने मला चार्जरला लावलं. तिला परत कामावर जायचं होतं. मधल्या खंडामुळे कुणी दारात उभं करेना, म्हणून सर्टिफिकेट घ्यायचं ठरलं. कोणतं? सल्लागार घरात फुकटचे. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, एआय करा. बाकी सगळं मेलं." नणंदेने प्रोजेक्ट मॅनेजमेंट सुचवलं, मैत्रिणीने सायबर सुरक्षा. हिने तिन्ही धरली. व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवायची आणि शेवटी आपोआप मिळणारा कागद माझ्या पोटात कोंबायची. एवढ्या खिडक्या उघडल्या की मी गुदमरून बंद पडायचो, आणि शिव्याही मलाच.

मुलाखत माझ्याच कॅमेऱ्यासमोर झाली. घेणाऱ्या मॅडमनी कागद पाहिले आणि शांतपणे विचारलं, "यातलं स्वतःच्या हाताने काय केलंय?" माझ्या बाईने सर्टिफिकेटांची नावंच परत वाचून दाखवली, आणि मुलाखत तिथेच संपली.

सासूबाई दारातून ऐकत होत्या. "अगं, आधी जे करायचीस ते सांगायचं."

"ते आता कोण विचारतंय, आई?"

"तू बघितलंस का, कोण विचारतंय?"

मग ती नोकरीच्या जाहिराती नीट वाचायला बसली. जुने डेटाबेस क्लाउडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या यंत्रांवर, हलवणारी माणसं जिकडेतिकडे हवी होती. त्यातलं अर्धं काम हिला झोपेतही यायचं. उरलेल्या अर्ध्याचं एकच सर्टिफिकेट तिने निवडलं. बाकीच्या खिडक्या बंद केल्या. मला श्वास आला.

आता ती माझ्यातच छोटा डेटाबेस उभारायची, पाडायची, परत उभा करायची. मुलगी म्हणाली, "आई, तू मुद्दाम का मोडतेस?"

"मोडलेलं उभं करता येतं का, तेच विचारतात गं बाहेर."

परीक्षा ती पास झाली. पुन्हा मुलाखत, त्याच मॅडम, तोच प्रश्न.

"सकाळीच एक पाडलाय. उभा करून दाखवू?" माझी बाई म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा मी बंद पडलो असतो तर जन्माचं तोंड काळं झालं असतं. पंखा बोंबलत होता, पण मी तग धरला. मॅडम खुर्ची पुढे ओढून बघत राहिल्या. डेटाबेस उभा राहिल्यावर म्हणाल्या, "रुजू कधी होता?"

तिला आता कंपनीचा नवा लॅपटॉप मिळालाय. मी मुलीच्या टेबलावर असतो. पंखा साफ केलाय. परवा तेच एआयवाले धाकटे भाऊजी येऊन विचारत होते, "वहिनी, मी कोणतं सर्टिफिकेट करू?"

म्हणून सांगतो, जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा चार्जरला लावून बघा. आणि घरातलं माणूसच कपाटात ठेवलं असेल, तर दार उघडा आणि आधी त्याची माफी मागा.