पावसासाठी सोडलेली फट

मित्रांनो, आधीच सांगते, मी नुसती एक फळी आहे. तीही अरुंद, एका अंगाला जराशी वाकलेली. पण समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका बेकरीची मी शेवटची फळी आहे आणि माझ्यावाचून ती बेकरी नीट बंद होत नाही. हा गर्व वाटला तर वाटू द्या. या वयात तेवढा मला शोभतो.

माझे लाकूड मूळचे जुन्या धक्क्याचे. बोटी बांधायचा तो धक्का मोडला, तेव्हा एका सुताराने त्यातले चांगले खांब निवडून घेतले. म्हणजे समुद्राने मला जन्माआधीच चावून पाहिले होते आणि पचत नाही म्हणून सोडून दिले होते. तेव्हापासून आमचे जमत नाही.

सुताराने आम्हा सात बहिणींना घडवले. बेकरीला पुढून दार नव्हतेच. वर तुळईत एक खाच, खाली उंबऱ्यात एक खाच. त्यांत एकीला एक खेटून आम्ही उभ्या राहायचो. मी सर्वांत शेवटी. माझ्या पोटावर लोखंडी कडी होती. तिच्यातून अडसर आडवा सरकला की साती जणी जागच्या जागी.

बेकरीत तेव्हा नवी सून आली होती. तिने माझ्या शेजारच्या फटीत बोट घालून पाहिले.

"सुतारदादा, ही फट कसली? माप चुकलं वाटतं."

"चुकलं नाही, वहिनी. ती जागा पावसाची. तो आला की भरून काढेल."

"म्हणजे उरलेलं काम पावसाचं आणि मजुरी तुमची."

सुतार हसला आणि हत्यारे गोळा करून गेला. पहिल्याच पावसात आम्ही अशा फुगलो की फटीत नखही जाईना. मग ती फटीबद्दल पुन्हा बोलली नाही. सकाळी लाकडी मोगरीने मला ठोकताना मात्र म्हणायची, "हल गं बाई, गिऱ्हाईक ताटकळलंय."

कितीतरी वर्षे सकाळी मी सर्वांत आधी बाहेर यायची आणि संध्याकाळी सर्वांत शेवटी आत जायची. दिवसभर भिंतीला टेकून पावाचा वास घ्यायचा, एवढेच काम. मुलांनी कोळशाने माझ्यावर मिशा काढल्या, मी त्या मिरवल्या. एका मोठ्या वादळात सगळ्या रस्त्याच्या काचा फुटल्या, पण आमच्या आड ठेवलेले पीठ कोरडे राहिले. दूधवाला म्हणाला, "तुमच्या फळ्या म्हणजे जहाजाचा तळ आहे." त्या वर्षी मी पावसाळा संपल्यावरही बरेच दिवस फुगलेलीच होते.

मग त्या सुनेचे केस पांढरे झाले, गाव तिला आजी म्हणू लागले, आणि घरात तिची सून आली. या सूनबाईला मी दोष देत नाही. तिच्या तळहातात माझे कुसळ गेले होते, आणि एकदाच नव्हे. तिचा नवरा जहाजावर, सासू थकलेली, भल्या पहाटे सात फळ्या ओढायच्या तिने एकटीने. तिने विजेचे शटर बसवून घेतले.

"आई, बटण दाबलं की झालं."

"छान आहे," आजी म्हणाली. "आणि बटण रुसलं की?"

"तुमचं आपलं काहीतरीच."

शटर बसवणारा उंबऱ्यातली खाच सिमेंटने बुजवायला निघाला. आजीने आपले स्टूल बरोबर त्या खाचेवर ठेवले आणि वर बसून वाटाणे सोलायला घेतले. तो माणूस घमेले घेऊन ताटकळला. शेवटी म्हणाला, "आजी, जरा उठता का?" आजी म्हणाली, "गुडघे आखडलेत रे. उद्या बघू." तो उद्या कधी आला नाही. सिमेंट घमेल्यातच घट्ट झाले.

आम्हा बहिणींची मात्र पांगापांग झाली. कुणी साच्यांचे फडताळ झाली, कुणी गटारावरचे झाकण, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याचे छत. मला परसात नळाखाली टाकले, पाय घसरू नये म्हणून. ज्या पोटावर अडसर मिरवला त्या पोटावर लोक भांडी विसळू लागले. सोसले मी. पण कुजले नाही. धक्क्याचे लाकूड आहे मी.

आता ते वादळ सांगते.

आधी लाटा बदलल्या. वारा अजिबात नव्हता आणि तरी लाटा जड, सावकाश येत होत्या, कुणीतरी पिठाची पोती खाली टाकावीत तशा. हवा अंगाला चिकटत होती. सूनबाईने मळून ठेवलेले पीठ वेळेआधीच फुगून परातीबाहेर आले. संध्याकाळी आकाश घासलेल्या तांब्यासारखे झाले. समुद्रपक्षी गावावरून आत जमिनीकडे गेले आणि परतले नाहीत. मग सरी सुरू झाल्या. सर आली की वारा यायचा, सर गेली की लख्ख ऊन पडायचे, आणि दर वेळी वारा आधीपेक्षा थोडा जास्त असायचा. भोंग्याची गाडी सांगत फिरली, की सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत जावे, ट्रक न्यायला येईल.

सूनबाईने शाळेतल्या लोकांसाठी शेवटची भट्टी लावली. पाव निघाले, टोपल्या भरल्या, आणि नेमकी वीज गेली. खबरदारी म्हणून सगळ्या गावाचीच तोडली होती. शटर वरच राहिले. हाताने ओढायची साखळी होती, पण खाऱ्या हवेने तिच्या कड्या गंजून एकजीव झाल्या होत्या. सूनबाई तिला लोंबकळली तरी ढिम्म हलेना.

आत दोन महिन्यांचे पीठ होते. वादळानंतर रस्ता कधी सुरू होईल ते कुणालाच माहीत नव्हते. हे पीठ भिजले तर गावाला पाव कुठला?

"तू ट्रकमध्ये बस," आजी म्हणाली. "दुकान असं उघडं टाकून मी येणार नाही."

"तुम्हाला टाकून मी जाईन असं वाटलं तुम्हाला?"

सूनबाईने एकदा शटरकडे पाहिले, एकदा उंबऱ्यातल्या खाचेकडे. मग पदर खोचला आणि म्हणाली, "फळ्या कुठे कुठे आहेत, सांगा."

फडताळ रिकामे झाले, गटार उघडे पडले, कोंबड्या भट्टीमागे आल्या. सहा बहिणी खाचेत उभ्या राहिल्या. राहिले मी. पण नळाखाली भिजून मी इतकी फुगले होते की आत जाईना. सूनबाई रंधा शोधायला धावली.

"रंधा नको," आजी म्हणाली. "भट्टी अजून गरम आहे."

त्यांनी मला भट्टीवर आडवे केले. माझ्या अंगातून वाफ निघाली. नळाखालच्या सगळ्या दिवसांचे पाणी निघाले म्हणा ना. बाहेर ट्रक भोंगा वाजवत होता. चालक खाली उतरून आत डोकावला.

"आजी, वादळ येतंय आणि तुम्ही फळी भाजताय?"

"भाजून होत आली. तू टोपल्या उचल तोवर."

मग मला खाचेत बसवले. सहज गेले. फार सहज. चालकाने बोटाने ढकलले तर मी खडखडले.

"ही तर हलतेय. एका झोतात जाईल."

"ती जागा पावसाची आहे," आजी म्हणाली. तिने अडसर सरकवला, कडीवर एकदा थाप मारली आणि मागच्या दाराने निघून गेली.

मित्रांनो, पहिल्या झोतात मी खरोखरच थरथरले. वारा फटीतून शिट्टी घालत आत आला, पिठाच्या पोत्यांना हात लावून गेला. मी त्याला म्हटले, थांब. एकटा काय येतोस, पावसालाही आण. आणि तो आला, आडवा, खारट, खडे मारल्यासारखा. मी तो प्यायले. जितका मारत होता तितकी मी भरत होते. डावीकडे बहीण, उजवीकडे चौकट, मध्ये फट उरलीच नाही. शिट्टी बंद झाली. वरचे शटर चुरगळून उडाले, समोरच्या घराचे पत्रे गेले. तो समुद्र, ज्याने मला एकदा चावले होते, त्याचे फेस आलेले पाणी उंबऱ्याला येऊन लागले. मी म्हटले, पुन्हा चावून बघ.

सकाळी त्या दोघी परतल्या. सूनबाईने पीठ मुठीत घेतले, बोटांतून सोडले. ते भुरभुर उडाले. मग ती मला काढायला आली. ढकलले, ओढले, मोगरीने ठोकले. मी हलले नाही.

"हल गं बाई, गिऱ्हाईक ताटकळलंय," सूनबाई म्हणाली, आणि आजी हसत हसत पोत्यावर बसली.

ऊन लागून मी सैल होईपर्यंत सगळ्या गावाने मागच्या दाराला रांग लावून पाव नेला.

आता नवे शटर येणार आहे. येऊ द्या, सूनबाईच्या हातांना आराम हवा. माझे मागणे एवढेच आहे, मित्रांनो. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी म्हातारी असेल तर तिला भिंतीशी उभी करा, पण कोरड्या जागी. तासून लहान करू नका. आणि तिची खाच बुजवू नका. समुद्र पुन्हा येणार आहे, आणि मला अजून त्याच्याशी बोलायचे आहे.