डबीचं पाणी

डबी दिसायला इतकी गोड, की शोभेच्या माशांच्या त्या दुकानात येणारं माणूस आधी तिच्याच समोर थबकायचं. पिवळीधमक, अंगभर काळे ठिपके आणि आकार चक्क चौकोनी, खोडरबराला पंख लावून पाण्यात सोडल्यासारखा. पोहणंही धड नाही बिचारीचं. अंगावर हाडांची कडक पेटी, तिच्यातून बाहेर आलेले इवलेसे पंख आणि शेपूट, तेवढंच काय ते हलणार. प्रवाळात राहणारा हा एवढासा मासा. पळता येत नाही, चावता येत नाही, मग जगतो कसा? तर घाबरला की कातडीतून विष सोडतो. मोठा मासा तोंडात घेतो, थू करून टाकतो आणि पुन्हा म्हणून वाटेला जात नाही. समुद्राचं ठीक आहे हो, विष सोडलं, लाट आली, घेऊन गेली. टाकीत कुठली आलीय लाट? विष तिथंच राहतं, शेजारी मरतात आणि बऱ्याचदा सोडणाराही मरतो.

हे सगळं गिऱ्हाइकांना समजावून सांगायचं काम ताईचं. ताई म्हणजे दुकानाचे मालक अण्णा, त्यांची मुलगी. नवरा वारल्यावर लेकीला घेऊन माहेरी आली ती आलीच. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि जिना थेट अण्णांच्या गल्ल्यासमोर उतरणारा. दुसरी वाट नाही. भाजी आणायला निघालं तरी त्यांच्या नजरेखालून.

अण्णा मनाचे वाईट नव्हते. असं सगळेच म्हणायचे, पण लांब उभं राहून. राग आला की त्यांच्या तोंडाला धरबंध राहत नसे. थोरला मुलगा त्यापायी घर सोडून गेला, कामाला ठेवलेली माणसं टिकत नव्हती, शेजारी कामापुरतं बोलत. उरली ताई. तिला आता अंदाज आला होता. आवाज चढायच्या आधी अण्णांच्या मानेची शीर फुगते. तेवढ्यात पाण्याचा ग्लास पुढं करायचा, "बसा अण्णा, तुम्ही बसा ना," म्हणायचं आणि विषय बदलायचा. जमायचं तिला. अख्ख्या गल्लीत तिचं कौतुक होतं. असलं कौतुक कुणाच्या वाट्याला येऊ नये.

तिची लेक चिमी दुसरीत होती. शाळेतून आली की चपला हातात घेऊन जिना चढायची, आजोबांना आवाज नको म्हणून.

त्या दिवशी ताईचा जीव फोनमध्ये अडकला होता. दुसऱ्या गावातल्या मोठ्या मत्स्यालयात मैत्रिणीनं तिच्यासाठी नोकरी पक्की केली होती, जवळच एक खोलीही बघून ठेवली होती. खोलीच्या मालकीणबाईंचा निरोप आला होता, "संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगा, नाहीतर मी दुसऱ्यांना देते." अण्णांना सांगायचं कसं? चहा देताना सांगू. नको, पेपर वाचताहेत. जेवताना सांगू. नको, ताटावरून उठतील. असं करता करता दुपार कलली आणि ताईच्या तोंडून अक्षर फुटलं नाही.

डबीची टाकी गळायला लागली होती, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत तिला दाराजवळच्या मोठ्या टाकीत इतर माशांबरोबर ठेवली होती. शांत असली की ती कुणाला काही करत नाही, फक्त दचकू द्यायची नाही. काचेवर टकटक करू नये, असं अण्णांनीच मोठ्या अक्षरात लिहून लावलं होतं. आणि एका गिऱ्हाइकानं नेमकं तेच केलं.

"वाचता येत नाही का?" अण्णा गल्ल्यावरून उठून आले. "काचेवर असं मारायचं नसतं!" आणि असं म्हणजे कसं ते दाखवायला त्यांनी स्वतःच काचेवर दाणदाण पंजा आपटला. हसू यावं असाच प्रकार, पण हसायला गिऱ्हाईक थांबलं नाही.

डबी कोपऱ्यात काचेला चिकटली होती. पाण्यावर बारीक फेस धरला होता. ताईनं कप उचलला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. डबीला जाळ्यानं धरत नाहीत, आणखी घाबरते. हळूहळू चुचकारत, "नाही गं, काही नाही झालं," असं पुटपुटत ताईनं तिला कपात घेतलं आणि स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या बादलीत सोडलं. वेळ लागला, पण डबी शांत झाली. ताईला हायसं वाटलं.

मग ती वळली. बाकीचे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. काही तळाशी आडवे झाले होते.

विष तर पाण्यात उतरलं होतं. आधी बाकीच्यांना बाहेर काढायचं, हे तिनं किती जणांना सांगितलं असेल. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा विष सोडणारीलाच गोंजारत बसली. हात आपोआप तिकडे गेले होते. तिनं धावतपळत जाळं मारलं, हाताला लागले तेवढे दुसऱ्या टाकीत टाकले. त्यांतलेही थोडेच तगले.

"मेले? तुझं लक्ष असतं कुठं?" अण्णांचा आवाज आला. ताईनं ओले हात पदराला पुसले आणि सवयीनं माठाकडे वळली.

माठापाशी ग्लास नव्हता. तो चिमीच्या हातात होता. शाळेत कविता म्हणायला उभं केलं तर जिच्या तोंडून शब्द निघत नाही ती पोर, अण्णांच्या मानेवर नजर ठेवून समोर उभी होती.

"बसा आजोबा," ती म्हणाली. "तुम्ही बसा ना."

अण्णा बसले. पाणी प्यायले. "गुणाची गं माझी पोर," म्हणाले.

ताईनं चिमीला जवळ ओढलं, घट्ट धरलं आणि तिथंच, अण्णांच्या समोर फोन लावला. "हो. खोली आम्हाला हवीय. उद्या येतो आम्ही. दोघी."

अण्णांच्या मानेची शीर फुगली नाही. ते म्हणाले, "आणि माझं कोण बघणार?" आवाज इतका बारीक, की ताईनं त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

तिला त्यांची दया आली. नेहमीच यायची, आताही आली, जास्तच आली. तशीच डोळे पुसत ती चिमीचे कपडे भरायला जिना चढून गेली.