शिंपी खोटा वाटतो

माझ्या नवऱ्याला पडद्यावरचा प्रत्येक चेहरा ओळखू येतो. या मालिकेतला हवालदार आधी कुठल्या सिनेमात मुडदा होऊन पडला होता, हे तो तोंडातला घास न गिळता सांगतो. मांडीवर उशी घेऊन समस्त दिग्दर्शकांना अक्कल शिकवायची आणि ती शिकवणी फोनवर रेकॉर्ड करून लोकांना पाठवायची, हा त्याचा छंद. लोक ऐकतातही. बघायला वेळ नाही पण मत मात्र पाहिजे, अशा माणसांचा काही तुटवडा नाही.

त्याची बघण्याची तऱ्हाही सांगते. मालिका दुप्पट वेगाने लावायची. माणसं चिमण्यांसारखी चिवचिवतात, रडणाऱ्या बाईला उचकी लागल्यासारखी वाटते. एक डोळा टीव्हीवर, दुसरा फोनवर, कारण बघता बघताच मत टाईप करायचं असतं. दुसऱ्या कुणाचं आधी गेलं तर याचं शिळं होतं.

"अरे, एकदा तरी नीट बघ," मी म्हणाले होते.

"अगं, मला कळतं. तुला सगळं बघावं लागतं, हा तुझा प्रॉब्लेम आहे."

सासरे शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. हा पठ्ठ्या त्याच मशीनखाली चिंध्यांत रांगला, वाढला. मध्यंतरी एका गुप्तहेर मालिकेचे कोट दुरुस्तीला आले. दिग्दर्शिका बाई स्वतः आल्या होत्या. सासरे माप घेत होते, तर या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "काका, आमच्या गोष्टीत एक शिंपी आहे. तुम्हीच करा ना." काम एवढंसं. पोलीस कोट घेऊन येतात, शिंपी बटणाजवळचा दोरा बघतो आणि म्हणतो, "हा टाका माझा नाही, साहेब." त्यावरून खुनी सापडतो.

त्यासाठी सासऱ्यांनी मिशी काढली. लग्नाच्या फोटोतली मिशी! सासूबाई हसून हसून खाली बसल्या. नंतरही त्यांनी ती पुन्हा ठेवलीच नाही. मुलगा रोज समोर बसून जेवत होता. त्याला काही दिसलं नाही.

सासऱ्यांनी आम्हा दोघींना बजावलं होतं, "त्याला कुणी सांगायचं नाही. जगाचे चेहरे ओळखतो, बापाचा ओळखेलच की."

आता त्या मालिकेचा दुसरा भाग निघणार होता आणि त्यात शिंप्याला चांगलं मोठं काम होतं. बाईंचा फोन आला तेव्हा सासरे हरखले, पण हो म्हणाले नाहीत. रविवारी कळवतो म्हणाले. का, तर "पोरगं काय म्हणतं ते बघू. त्याला त्यातलं कळतं. तो नको म्हणाला तर उगाच म्हातारपणी हसं नको." मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. पण सासऱ्यांना मनापासून जावंसं वाटत होतं, हेही दिसत होतं. मशीनवर बसल्या बसल्या ते आपलं टाक्याचं वाक्य पुटपुटायचे.

रविवारी दुपारी नवऱ्याने ती मालिका लावली. आम्ही तिघं मागे बसलो. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरात, टीव्ही बघायला!

शिंप्याचा प्रसंग आला. सासरे पडद्यावर तुरुतुरु आले, चिवचिवले, गेले. नवऱ्याने मान वर केली ती कोट बघून. "कोटाचा रंग चुकलाय," म्हणाला आणि टाईप करत राहिला. शेवटची नावं सुरू झाली तशी त्याने टीव्ही थांबवला आणि फोन तोंडासमोर धरला.

"तर मंडळी, मालिका बरी आहे. पण एक गोष्ट खटकते. शिंपी खोटा वाटतो. कुणीतरी रस्त्यावरून उचलून आणलाय. अहो, शिंपी कसा असतो हे तरी एकदा बघायचं होतं!"

सासूबाईंच्या हातातली वाटी खाली आदळली. सासऱ्यांनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

"खोटा म्हणजे कसा रे?" त्यांनी विचारलं. गंमत म्हणून नाही. खरंच शिकायला बसल्यासारखं.

"बाबा, तुम्हाला अभिनयातलं नाही कळणार. थांबा, दाखवतो." तो दुकानात गेला, सासऱ्यांची कात्री घेऊन आला आणि टेप गळ्यात अडकवली. "हे बघा. शिंपी असा धरतो. अशी ऐट पाहिजे." भाजी चिरायला निघाल्यासारखी कात्री धरली होती गाढवाने.

सासरे बघत राहिले. "मग पुढच्या भागात हा माणूस नको म्हणतोस?"

"अजिबात नको. या वयात काही सुधारणार नाही तो."

सासऱ्यांनी मान हलवली आणि खिशातून फोन काढला. नाही म्हणून कळवायला. चेहरा असा, की कुणी भर रस्त्यात कपडे उतरवलेत. माझं डोकं सटकलं. वचन गेलं खड्ड्यात.

"अरे अकलेच्या कांद्या, ते बाबा आहेत!"

"कोण?"

"तो खोटा शिंपी! तुझा बाप!"

नवऱ्याने सासऱ्यांकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी पाहिलं असावं, कारण तो म्हणाला, "बाबा, मिशी कुठे गेली?"

"जरा उशिराच विचारलंस, राजा," सासूबाई म्हणाल्या. "आता मीही टक्कल करून बघते."

मला वाटलं, आता हा ओशाळेल. बापाजवळ जाऊन बसेल. तो उठला, केस नीट केले आणि फोन पुन्हा तोंडासमोर धरला.

"मंडळी, तो शिंप्याचा प्रसंग मी पुन्हा पाहिला. बारकाईने पाहिला. काय सहजता आहे! ते डोळे, तो आवाज! आणि तुम्हाला सांगतो, हा कलाकार म्हणजे माझे वडील. शेवटी हे रक्तातच असतं."

सासरे टीव्हीकडे बघत होते. त्यावर अजून शेवटची नावंच होती.

"कधी पाहिलास?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"पुन्हा. कधी पाहिलास?"

"बाबा, तेवढं कळतं मला."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हसले. आधी नाकातून, मग चांगलं पोट धरून. मिशी नसल्यामुळे हसू सगळं दिसत होतं. नवराही हसला, त्याला वाटलं मिटलं. त्याच्या फोनवर धडाधड अंगठे यायला लागले होते. बारकाईने बघणारा माणूस, कुणीतरी लिहिलं होतं.

सासऱ्यांनी हातातला फोन कानाला लावला.

"बाई, मी येतो. हो, नक्की. कधी यायचं ते तेवढं सांगा."

"बाबा, थांबा, थांबा!" नवरा ओरडला. "आधी मला विचारा. कसं करायचं ते मी सांगतो ना!"

सासऱ्यांनी त्याच्या गळ्यातली टेप ओढून काढली, फोन खांद्यात धरला आणि टेप गुंडाळत गुंडाळत दुकानात गेले.

"नाही नाही, बाई," आतून आवाज आला, "घरात कुणाला विचारायचं नाही. विचारून झालंय."